टॉपरची सोयरीक

आमच्या गल्लीत कुत्र्याचं लग्न लागायचं असेल तर आधी नसीम आपांचा होकार लागायचा. मी विनोद करत नाही. पुढे करीन, पण हे वाक्य सरळ आहे.

नसीम आपा लातुरात एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. घराणं शहरातलं जुनं. आजोबा निजामाच्या काळात कुठल्याशा जहागीरदाराची शिकारी कुत्री सांभाळायचे. जहागीर गेली, शिकार गेली, कुत्री तेवढी राहिली. पश्मी कुत्री. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो: उंच, सडपातळ, पोट पाठीला लागलेलं, लांब तोंड, आणि कानांवर, पायांवर, शेपटीवर रेशमासारखे लांब केस. वाऱ्यावर पळताना ही कुत्री पाहिली की वाटतं, कुणाची तरी ओढणी उडून चाललीय.

आपाही तशाच होत्या. उंच, काटकुळ्या, नाक लांब. संध्याकाळी कुत्रीला घेऊन गल्लीतून निघाल्या की बाजूने दोघींचा आकार सारखाच दिसायचा. हे मी एकदा त्यांच्या तोंडावर बोललो. त्या थांबल्या, कुत्रीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तारीफ हिची करलालास का माझी? नीट सांग, म्हणजे कुणी रागवायचं ते ठरवता येईल."

मला त्या 'झेरॉक्स' म्हणायच्या. मी मूळचा अर्धापूरचा. घरच्या केळीच्या बागेत तीन भावांत माझी गरज नव्हती, म्हणून लातुरात येऊन आपांच्या घरासमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं. गल्लीच्या तोंडाशी नुकतेच कोचिंग क्लास सुरू झाले होते. पोरं नोट्सची बाडं घेऊन रांग लावायची, आणि आपा ओट्यावरून ओरडायच्या, "ए झेरॉक्स, जरा हळू! अख्ख्या लातुराच्या डोक्यात एकच कागद घालतोस का?"

त्यांनी लग्न केलं नाही. आमच्या हिने एकदा धीर करून कारण विचारलं. आपा म्हणाल्या, "स्थळं लई आली, वहिनी. मुलाचा बाप काय करतो, मुलगा काय कमावतो, सगळं सांगायचे. मी म्हणायची, अम्मी कशी हाय ते सांगा. तिथंच गाडी अडायची."

तीच अट कुत्र्यांना. कुणी नर घेऊन आला की आपा त्या नराकडे बघायच्याच नाहीत. "आई दाखवा," म्हणायच्या. आई जिवंत असेल तर तिच्या गावी जायच्या, तिथे बसून चहा प्यायच्या, तिचे दात, डोळे, स्वभाव बघायच्या. घरातल्या बायकांना विचारायच्या: वेताला त्रास झाला का, पिल्लं किती जगली, कुणाला फिट यायची का. आणि हे सगळं डोक्यात. कागदाचा कपटा नाही.

डोक्यात राहायचं त्याला एक कारण होतं. निलंग्याकडच्या ज्या गावांत आपांच्या वडिलांनी पिल्लं दिली होती, तिथे काही घरांत रीतच पडली होती की लेक सासरी निघाली की हंडा-कळशीच्या शेजारी टोपलीत एक पिल्लूही ठेवायचं. परक्या गावात लेकीला ओळखीचं कुणीतरी असावं म्हणून. त्यामुळे ही कुत्री पसरली ती लेकींच्या वाटेने. कुठली कुत्री कुणाची बहीण, हे कळायला कुठली बाई कुणाची लेक एवढं माहीत असलं की पुरे. आपा म्हणायच्या, "बाप्या सांगतो कुत्रा कुठून आणला. बाई सांगते कुत्रा कुणाचा हाय. दोन गोष्टी वेगळ्या."

पिल्लू त्या कधी विकत नसत. फुकट द्यायच्या, पण फुकट घेणं सोपं नव्हतं. न्यायला नवरा-बायको दोघांनी यायचं. बोलणं नवऱ्याशी, नजर बायकोवर. जमलं नाही तर पिल्लू रस्त्यावर सोडायचं नाही, परत आणून द्यायचं. आणि नर-मादी एकत्र आणायच्या आधी आपांना विचारायचं. एका क्लासवाल्या सरांनी पिल्लू आणायला ड्रायव्हर पाठवला होता. आपांनी ड्रायव्हरला पोहे खायला घातले आणि रिकामा परत पाठवला. हे सर म्हणजे कदमसर. फिजिक्सचे. त्यांना पुढे बरंच काम आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

मग भूकंप झाला.

त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. लातूर हादरलं पण उभं राहिलं. औसा, निलंगा, उमरग्याकडची गावं झोपेतच गेली. पहिले दिवस आपा कॉलेजच्या पोरांबरोबर भाकरी आणि कपड्यांच्या गाडीवर जायच्या. नंतर एकट्या जाऊ लागल्या. ज्या गावांत त्यांची कुत्री होती त्या गावांत. लोकांना आवडलं नाही. माणसं ढिगाऱ्याखाली आणि ही बाई कुत्री शोधतेय, असं एकाने सुनावलंही. आपा भाकरी वाटायच्या आणि वाटता वाटता इकडेतिकडे बघायच्या.

एका गावात पत्र्याच्या शेडबाहेर एक म्हातारी बसली होती. तिच्या पायाशी पश्मी कुत्री, केसांत माती, एका कानाचं टोक तुटलेलं. म्हातारी म्हणाली, "माणसं बघायला समदे येलालेत. हिला कुणी इचारंना. तू ने. माझ्या सुनंसंगं आल्ती ही."

सून गेली होती.

एरवी आपांनी पुढचा प्रश्न लगेच विचारला असता: सुनेचं माहेर कुठलं? त्या दिवशी त्यांच्या तोंडून तो निघाला नाही. मला त्यांनी नंतर सांगितलं, "झेरॉक्स, त्या बाईला मी कसं विचारू? ती सुनेचं नाव घेईना, मी कुत्र्याचं खानदान विचारू?" कुत्रीला घेऊन आल्या. तिचं नाव रेशमा ठेवलं.

घरची म्हातारी कुत्री भूकंपाआधीच गेली होती. वर्षभरात कळलं की आपांची बाकी कुत्री एकतर गेली, नाहीतर कुठे गेली ते सांगणारं कुणी उरलं नाही. गावं उठून दुसरीकडे वसली, माणसं पांगली. वडिलांच्या हातची पश्मी म्हणून खात्रीने सांगावी अशी रेशमा एकटी राहिली. आपांना रात्रंदिवस एकच घोर: हिच्यानंतर काय?

आणि नांदेडहून स्थळ आलं.

विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक प्राध्यापक होते, त्यांच्याकडे शेरू नावाचा पश्मी नर होता. रेशमा माजावर आली तेव्हा माझ्या चुलतभावाचा ट्रक लातुरात केळी उतरवून नांदेडवरून अर्धापूरला रिकामा निघाला होता. केळीच्या पाल्यावर सतरंजी अंथरली, रेशमा तिच्यावर नवरीसारखी बसली, आपा ड्रायव्हरशेजारी आणि मी मागे. रेशमाला गाडी लागू नये म्हणून आपा दर नाक्यावर ट्रक थांबवायच्या. भाऊ शेवटी कळवळला, "आपा, वऱ्हाडाचा ट्रक बी इतका थांबत न्हाई!"

शेरू देखणा होता. आपांनी विचारलं, "ह्याची आई?"

प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, शंभर टक्के कंधारचा हाय. मी स्वतः आणलेला. तुम्ही उगं टेन्शन घेऊन राहिल्या."

"घरात बाई कोण हाय?"

"मिसेस बाळंतपणाला माहेरी गेलीय."

आपा अंगणात उभ्या राहिल्या. मी बघत होतो. थांबायचं म्हटलं तर पुढच्या माजापर्यंत थांबावं लागणार. तोवर रेशमा असेल का, शेरू असेल का, भूकंपानंतर कुणालाच काही सांगता येत नव्हतं. कंधार आणि निलंगा म्हणजे दोन टोकं. नातं असायचं कारण नव्हतं. आपांनी आयुष्यात पहिल्यांदा बाप्याच्या शब्दावर सोयरीक केली.

पिल्लं झाली आणि दुसऱ्याच दिवशी आपांनी मला हाक मारली. पिल्लू आचळाला लागायचं, ओढायचं, आणि दूध नाकातून बाहेर यायचं. आपांनी एकाचं तोंड उघडून दाखवलं. टाळूला मधोमध फट होती. एकाला नाही, बऱ्याच जणांना. आपा ड्रॉपरने थेंब थेंब दूध पाजत बसायच्या. कॉलेजला रजा टाकली. तरी एकेक जात होतं.

त्याच आठवड्यात प्राध्यापकांच्या बायको भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांना भेटायला लातूरकडे आल्या होत्या. कडेवर तान्हं बाळ. म्हणाल्या, "आमच्या शेरूच्या सासरी डोकावून जावं म्हटलं." रेशमा खोलीतून बाहेर आली, थेट त्यांच्यापाशी गेली आणि मांडीवर तोंड ठेवून उभी राहिली. बाईंनी तिचा तुटका कान हातात धरला.

"ही हितं कशी?" त्यांचा आवाजच बदलला. "ही मंगलची कुत्री हाय. हिचा कान आमच्याच दारात चेंगरला होता, पिल्लू असताना."

मंगल म्हणजे त्यांची चुलत बहीण. त्या म्हातारीची सून.

आपांच्या हातात ड्रॉपर तसाच होता. त्यांनी विचारलं, "आणि शेरू?"

"त्यो बी तेच वेत, आपा. आम्हा दोघी बहिणींची लग्नं एका मांडवात झाली. काकानं दोघींना एकेक पिल्लू दिलं. वरात ह्यांच्या गावी कंधारला गेली, पिल्लू तिथं सासूकडं वाढलं आणि ह्यांनी मागून तिथनं नांदेडला आणलं, म्हणून ह्यांना वाटतं कुत्रा कंधारचा."

सख्खे भाऊ-बहीण. बाई मंगलसाठी रडायला लागल्या, आमची ही त्यांना पाणी द्यायला गेली. आपा खाली बसल्या आणि पुढच्या पिल्लाच्या तोंडात थेंब सोडत राहिल्या. त्या वेतातलं एकही जगलं नाही.

पुढे कॉलेजात आनुवंशिकता शिकवताना वाटाण्याच्या आधी त्या ही गोष्ट सांगायच्या. पोरांना वाटे, मॅडम कुणा तिसऱ्या बाईची चूक सांगताहेत. शेवटी म्हणायच्या, "ती बाई मी. आता वाटाणे."

काही वर्षं अशीच गेली. लातुरात क्लासची बोर्डं इतकी झाली की मागची घरं दिसेनात. खेड्यापाड्यातून, पार विदर्भातून आईबाप पोरांना घेऊन येत, खोल्या भाड्याने घेत. कदमसरांनी गल्लीच्या तोंडाशी तीन मजली इमारत बांधली. पैसा आला, आणि पैशाबरोबर हौस. त्यांनी हैदराबादहून पांढरा पामेरियन आणला आणि एक दिवस तो काखेत घेऊन आपांच्या ओट्यावर आले.

"आपा, एक आयडिया हाय. तुमची रेशमा, माझा हा. पिल्लू असं निघंल बघा: पश्मीचे केस, पामेरियनचा साइज. फ्लॅटमध्ये चालतंय, सोफ्यावर बसतंय. अजून कुणाकडंच न्हाई. लातूरचं नवीन वाण!"

आपा म्हणाल्या, "आणि उलटं निघालं तर? पश्मीचा साइज, पामेरियनचं भुंकणं?"

"तसं न्हाई होत हो."

"सर, तुम्ही फिजिक्सचे. तुमच्याकडं चेंडू वर फेकला की कुठं पडणार ते कळतं. माझ्याकडं न्हाई कळत. आणि समजा निघालं तुमच्या मनासारखं. छाती पळायची, मन पळायचं, आणि राहायचं सोफ्यावर. त्याला काय सांगणार तुम्ही, कशासाठी जन्माला आलास म्हणून?"

सरांनी पामेरियन दुसऱ्या काखेत घेतला. "शोभा म्हणून," ते म्हणाले. आणि एवढं प्रामाणिक उत्तर मिळाल्यावर आपांना हसू आलं, हे मात्र खरं.

रेशमाचं वय होत चाललं होतं. एक वेत झालं तर झालं. शेरूकडे जायचं नव्हतं. कर्नाटकच्या सीमेपलीकडे पश्मी होते, पण ज्यांच्या आयांचा पत्ता लागावा असे नव्हते. आणि आपांनी गल्लीला चक्रावून टाकलं. त्यांनी निवडला टॉपर.

टॉपर हा कदमसरांच्या क्लासच्या दारात बसणारा गावठी कुत्रा. पिवळट, आखूड केसांचा, शेपटी वळलेली. सगळ्या बॅचला हजर असतो म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं होतं. ज्या बाईने नवाबी कुत्र्यांना खानदान बघून नाकारलं, ती ह्याला जावई करणार म्हटल्यावर गल्ली खदखदून हसली. आपांनी मात्र पद्धत सोडली नाही. आधी टॉपरची आई शोधली. ती डाळमिलच्या फाटकाशी सापडली, म्हातारी, पण दात शाबूत. वॉचमनच्या बायकोची रीतसर साक्ष झाली. "हिची आई बी हितंच होती," ती म्हणाली, "आजी बी. लई वेतं झाली, पण नाकातनं दूध आलेलं मी न्हाई बघितलं." आपांनी तिच्या हातचा चहा घेतला आणि सोयरीक पक्की केली.

कदमसर दुखावले. "क्रॉसच करायचा होता तर माझ्याचं काय वाईट होतं? रस्त्यावरचं आणलं!"

"ह्याच्या आईची साक्ष मिळाली, सर. तुमच्याची आणा, बसून बोलू."

पिल्लं झाली. सगळी तगडी, सगळी दूध पिणारी. आणि एकाच्याही कानावर लांब केस नाही. सगळी गुळगुळीत, टॉपरवर गेलेली; फक्त पाय लांब. गल्ली बघायला आली. मीही बोललो, "आपा, पश्मी कुठं गेली?"

"आत हाय," आपा म्हणाल्या. "लांब केस दोन्हीकडून आले तरच बाहेर दिसतात. एकाच बाजूचे असले की लपून बसतात. आता ह्या भावंडांचं एकमेकांशी लावलं तर काही पिल्लांत परत येतील."

कदमसर दारात उभे होते. "मग लावू की!"

"लपून एकटे केस न्हाई बसलेले, सर. रेशमाची फाटकी टाळू पण त्याच पडद्यामागं बसलीय. पडदा उचलला की कोण बाहेर येईल, सांगा."

पिल्लं त्यांनी मुद्दाम लांब लांब दिली. एक उदगीरला, एक औशाला, एक देगलूरकडे. प्रत्येकाला बजावलं: भावंडांची गाठ घालायची नाही. वडिलांची पश्मी आपल्या हातून संपली, हे त्यांनी त्या दिवशी मनाशी मान्य केलं. रेशमाच्या कानांवरचे केस विंचरत बसल्या.

मध्ये दोन निकाल लागून गेले. रेशमाही गेली. एका दुपारी कदमसर पुन्हा आले, हातात बांबूची टोपली, वर शाल. चेहरा असा, की बोर्डात पहिला आलेला मुलगा त्यांच्याच बॅचचा.

"आपा, डोळे मिटा."

"ह्या वयात?"

त्यांनी शाल काढली. आत एक पिल्लू होतं. कानावरून रेशीम ओघळलेलं, पायांना झालर, तोंड लांब. आपांनी पिल्लू उचललं आणि बोटं त्या केसांत गेली ती तिथेच राहिली. एवढ्या वर्षांत मी आपांचा तसा चेहरा कधी पाहिला नव्हता, पुन्हाही नाही.

कसं घडलं ते सरांनीच सांगून टाकलं. उदगीरचा नर आणि औशाची मादी. दोन्ही घरची पोरं त्यांच्या बॅचमध्ये. सरांनी महिनाभरासाठी कुत्री मागितली. सरांना नाही कोण म्हणणार?

"तुमच्यासाठी केलं, आपा. तुमच्या अब्बांची पश्मी परत आणली. हे तुमचं."

आपांनी पिल्लाचं तोंड उघडलं. टाळू बोटाने चाचपली. अखंड होती. मला वाटलं, संपलं, आता ह्या घेणार. कुणीही घेतलं असतं.

पिल्लू छातीशी तसंच धरून त्यांनी विचारलं, "बाकीची कुठं हायत?"

"बाकीची काय..." सर हसले. "आपा, निकाल लागला की पेपरात फोटो टॉपरचा येतो. बाकीच्यांचं कोण विचारतं?"

"मी विचारलालीय."

आपा उठल्या, पिल्लू टोपलीत ठेवलं, शाल नीट घातली आणि टोपली माझ्या हातात दिली. आम्ही तिघं त्यांच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीखाली खोक्यात दोन गुळगुळीत पिल्लं झोपली होती, बरी होती. तिसरं कोपऱ्यात. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, नाकाशी दूध वाळलेलं, अंगात नुसती हाडं. पण आपांनी बोट पुढे केल्यावर ते बोट चोखायला लागलं.

"हे आज-उद्या जाणारच हाय, आपा," सर हळूच म्हणाले. आता त्यांच्या आवाजात क्लास नव्हता. "तुम्ही ते चांगलं न्या. खरंच तुमच्यासाठी केलं."

"मला ठाऊक हाय. म्हणून तर भांडत न्हाई." आपांनी फाटक्या ओठाचं पिल्लू ओढणीत गुंडाळलं. "ते चांगलं तुम्ही सांभाळा. ह्या दोघांनाही घर बघा, आणि तिघांचंही ऑपरेशन करून टाका, पुढं वेत नको. हे माझं."

"अहो, पण पश्मी..."

"सर, ते घेतलं तर तुम्ही पुढच्या वर्षी अजून एक कराल. आणि मी परत गच्चीवर यायची का?"

जिन्यातून उतरताना त्यांनी टोपलीकडे एकदाही पाहिलं नाही. टोपली माझ्याकडे होती, म्हणून मला माहीत आहे. सरांनी तिघांची ऑपरेशनं करून घेतली. पामेरियनसाठीही पुन्हा जोडीदारीण शोधली नाही.

पुढे वडील गेल्यावर मी अर्धापूरला परतलो. मध्यंतरी लातूरला काम निघालं, म्हणून गल्लीत गेलो. माझ्या दुकानाच्या जागी चार मजली इमारत उभी होती. आपा रिटायर झाल्या होत्या, केस पूर्ण पांढरे. दुपारच्या उन्हात ओट्यावर बसल्या होत्या आणि समोर तो कुत्रा. ओठ अजून तसाच फाटलेला, पाय मात्र लांब, आणि एका कानावर थोडेसे रेशमी केस. आपा दुधात कालवलेल्या भाकरीचे बोराएवढे लाडू वळत होत्या आणि एकेक त्याच्या जिभेच्या पार मागे ठेवत होत्या. तो गिळायचा, शिंकायचा, आपा ओढणीच्या टोकाने त्याचं नाक पुसायच्या आणि पुढचा लाडू वळायच्या.

पोराची अॅडमिशन करायला आलेला एक गृहस्थ रस्त्यात थांबला. बॅग खाली ठेवली, वाकून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, कोणती जात म्हणायची ही?"

आपांनी मान वर केली नाही.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "जेवलालंय ते."